शनिवार-रविवारी बकस्किन गल्च: सांधण केलेल्या दोघांसाठी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे फिनिक्समध्ये राहतात, त्यांचा कॉलेजातला मित्र पुण्याहून महिनाभरासाठी येतो आहे. दोघांनी मिळून सांधण दरी दोनदा केली आहे, रतनगड-हरिश्चंद्रगड झालेले आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार गाठून युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरची बकस्किन गल्च ही लांबलचक अरुंद घळ करायची, मध्ये एक मुक्काम, असा बेत आहे. झेपेल का, पाणी किती न्यायचं, आणि वाळवंटातल्या उन्हाचा त्रास कितपत होतो, असं त्यांनी विचारलं आहे.

झेपेल. सांधण उतरून करोली घाटाने परत चढलेल्या माणसाला बकस्किनमध्ये दमायला होईल, पण अडायला होणार नाही. पाण्याचं पुढे सांगतो. उन्हाचा प्रश्न मात्र सोडून द्या. या घळीत मी पाच वेळा गेलो आहे आणि उन्हाने कधीच हैराण झालो नाही. थंडीने एकदा चांगलाच हैराण झालो, आणि एकदा पावसाच्या भीतीने घळीत न शिरताच घरी परतलो. हे उत्तर मुख्यतः त्या दोन गोष्टींबद्दल आहे. बाकीची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

आधी वाट समजून घ्या. शनिवारी सकाळी वायर पासच्या पार्किंगपासून निघायचं. सुरुवातीला रुंद, वाळूचा कोरडा ओढा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीचं पात्र असतं तसा. मैलभर गेलं की दोन्ही बाजूंचा कातळ जवळ येऊ लागतो, आणि मग अशी जागा येते की पाठीवर सॅक घेऊन सरळ चालता येत नाही, आडवं व्हावं लागतं. १.७ मैलांवर ही वायर पासची घळ मुख्य बकस्किनला मिळते. तिथल्या भिंतीवर जुन्या लोकांनी कोरलेले शिंगाचे मेंढे आहेत. ते बघा, हात लावू नका. तिथून पुढे बारा मैलांच्या आसपास तुम्ही घळीतच असता. शेवटी बकस्किन पारिया नदीला मिळते, त्या संगमाजवळ मुक्काम. रविवारी पारियाच्या पात्रातून वरच्या अंगाला सातेक मैल चालून व्हाइट हाउस नावाच्या पार्किंगला बाहेर पडायचं. (नाव ऐकून तुमचा मित्र विनोद करणारच, करू द्या.) एकूण एकवीस मैल, म्हणजे चौतीसेक किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. तरीही पहिल्या दिवशी साडेतेरा मैलांना नऊ-दहा तास धरा, कारण वाळू, गाळ आणि दगडगोटे तासाला दीड-दोन मैलांच्या पुढे जाऊ देत नाहीत.

सांधणशी तुलना तुमच्या डोक्यात असणारच, म्हणून तीच घेतो. सांधण म्हणजे बेसाल्टच्या काळ्या कातळाला पडलेली चीर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, धारदार कडा, पायाखाली घरंगळणारे धोंडे. बकस्किनचा दगड नवाहो वालुकाश्म, ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला. भिंतीवर तिरप्या रेघा दिसतील. त्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या उतरणी आहेत. हा दगड हाताला सायीसारखा गुळगुळीत लागतो. तुम्ही त्याच्याकडे कौतुकाने बघाल, पण तो गुळगुळीत कशाने झाला हे ध्यानात असू द्या: वाळू घेऊन धावणाऱ्या पाण्याने. डोक्यावर तीस-चाळीस फुटांवर, दोन भिंतींच्या मध्ये, झाडांचे ओंडके आडवे अडकलेले दिसतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं वरून पडले. ते पाण्यावर तरंगत आले आणि पाणी ओसरल्यावर तिथेच राहिले.

दुसरा फरक जास्त मोलाचा आहे. सांधणमध्ये पावसाळ्यात कोणी शिरत नाही, कारण पाऊस डोक्यावरच पडत असतो, आणि सांधणजवळच्या साम्रद गावच्या पोरालाही ते कळतं. सह्याद्रीतली आपली सगळी अक्कल अशी आहे: ढग बघायचे, ओढ्याला पाणी किती चढलं ते बघायचं, गावकऱ्याला विचारायचं. बकस्किनमध्ये यातलं काहीच चालत नाही. आकाश म्हणजे वर एक निळी पट्टी, कुठे कुठे तीही दिसत नाही. पाऊस पडतो वायव्येला, हायवे ८९ च्याही पलीकडे, तुम्हाला न दिसणाऱ्या डोंगरात. तिथे उघडा कातळ आणि भाजून कडक झालेली माती. पाणी मुरत नाही, सगळं धावत सुटतं. रुंद ओढ्यात घोट्याएवढं असलेलं पाणी चार-पाच फूट रुंदीच्या घळीत शिरलं की किती चढेल, याचा हिशोब शाळेतला आहे. आणि तुम्ही मात्र कोरड्या वाळूत, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, फोटो काढत उभे असता.

हे भीती घालायला सांगत नाही, घडलेलं सांगतो. अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता काही मैल दूर. १४ सप्टेंबर २०१५ ला युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. आणि मार्च २०२३ मध्ये, म्हणजे कोणी ज्याला पुराचा महिना म्हणणार नाही अशा महिन्यात, याच बकस्किन-पारियाच्या वाटेवर पूर आला आणि तिघांच्या गटातले दोघे मेले. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत इथला मान्सून असतो (हो, तेही मान्सूनच म्हणतात), त्या काळात मी या घळीत पाय ठेवत नाही. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात कोरडा. तुमची तारीख त्या दृष्टीने चांगली निवडलेली आहे.

पण चांगल्या तारखेचंही एक दुखणं असतं. बकस्किन धरून संपूर्ण पारिया कॅन्यनमध्ये रात्रीच्या मुक्कामाला दिवसाला फक्त वीस जणांना परवानगी मिळते. मेमधले शनिवार-रविवार काही महिने आधीच संपतात. तुम्ही ऑनलाइन झटापट करून दोन जागा मिळवलेल्या असतात. मित्राने भारतातून तिकीट काढलेलं असतं. ऑफिसात शुक्रवारी लवकर निघायचं कबूल करून घेतलेलं असतं. आणि गुरुवारी अंदाज येतो की शनिवारी दुपारी उत्तरेला वीस टक्के शक्यता आहे. त्या वीस टक्क्यांकडे तुम्ही प्रामाणिकपणे बघू शकत नाही. माणूस म्हणतो, म्हणजे ऐंशी टक्के नाहीच ना. माझ्या मते या दरीत जाणाऱ्या हुशार माणसांना दरीपेक्षा परमिटच फसवतं.

म्हणून मी आता एक करतो, आणि तुम्हीही करा: घरी, जेवणाच्या टेबलावर, सॅक भरायच्या आधी दोघांनी बोलून ठेवायचं. काय दिसलं की जायचं नाही, आणि आत गेल्यावर काय दिसलं की परत फिरायचं. राष्ट्रीय हवामान सेवा दक्षिण युटाच्या दऱ्यांसाठी पुराच्या शक्यतेचा रोजचा अंदाज देते, त्याच्या चढत्या पायऱ्या असतात. माझा नियम असा की सगळ्यात खालची पायरी असेल तरच जायचं. त्याच्या वरची कुठलीही असेल तर नाही. शनिवारी सकाळी कानाब गावातल्या नाहीतर पारियाच्या माहिती केंद्रात जाऊन तिथल्या माणसाशी समोरासमोर बोला. 'काल-परवा कोणी बाहेर पडलं का, डोहाला पाणी किती आहे, धोंड्यांच्या जागी खालून वाट आहे का,' असे नेमके प्रश्न विचारा (डोह आणि धोंडे काय ते पुढे येतं). नुसतं 'सेफ आहे का' विचारलंत तर 'जबाबदारी तुमची' एवढंच उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच आहे.

आणि दुसरी अट: दोघांपैकी कोणीही 'परत' म्हणाला की परत. कारण द्यायचं नाही, समजूत घालायची नाही. दोघेच असताना हे फार अवघड जातं. दहा जणांच्या ट्रेकमध्ये कोणीतरी लीडर असतो, त्याच्यावर ढकलता येतं. दोन मित्रांमध्ये मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचा विरस होऊ नये म्हणून गप्प बसतो. मी हे अनुभवाने सांगतो.

माझी दुसरी खेप. ऑक्टोबर होता, बरोबर माझा कोल्हापूरचा मित्र. तुमच्यासारखाच, इकडे पाहुणा आलेला, पंचगंगेत पोहून वाढलेला गडी. सकाळी गाडीपाशी थंडी होती, पण आत चालताना अंग गरम झालं. वाटेत साधारण मध्यावर डोह लागतात. त्यातल्या एका मोठ्या डोहाला लोकांनी 'सेसपूल' म्हणजे सांडपाण्याची टाकी असं नाव दिलं आहे, आणि ते वासाने सार्थ आहे. कधी कधी ती जागा पूर्ण कोरडी असते, कधी छातीपर्यंत पाणी. आम्हाला छातीपर्यंत लागलं. पाणी कॉफीच्या रंगाचं, वर काटक्यांची साय. त्या जागी ऊन महिनोन्महिने पोचत नसावं. मी सॅक डोक्यावर घेऊन पार झालो आणि ओरडून म्हणालो की गार आहे. तो म्हणाला, 'त्यात काय.' पहिल्या डोहानंतर दुसरा, मग गुडघाभर चिखल, मग तिसरा. प्रत्येक वेळी तो 'त्यात काय' म्हणायचा. मला मनातून परत फिरावंसं वाटत होतं, पण तो सात समुद्र ओलांडून आला होता, मी कसं म्हणायचं? त्याला नंतर विचारलं तर त्यालाही परत फिरायचं होतं. पण मी एवढं परमिट काढलं, तो कसा म्हणणार.

चौथ्या पाण्यानंतर मी मागे वळून बघितलं तर तो उभा होता आणि सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल काढायचा प्रयत्न करत होता. दोन बोटांनी दाबायचं साधं प्लॅस्टिकचं बक्कल. बोटं त्याच्यावर ठेवायचा, ती सरकायची, पुन्हा ठेवायचा. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, 'चावी कुठं ठेवलीस?' कुठल्या चावीबद्दल बोलत होता ते त्यालाही आज सांगता येत नाही. तेव्हा मला कळलं की याचं डोकं गारठायला लागलं आहे. ओठ काळसर, आणि गंमत म्हणजे कुडकुडणं थांबलेलं. ते थांबणं चांगलं नसतं.

पुढचा पाऊण तास मी काय केलं ते सांगतो, कारण ते तुम्हाला यायला हवं. ओले कपडे सगळे काढले, लाज न बाळगता. अंग पंचाने कोरडं केलं. कोरडे कपडे, कानटोपी, त्याला झोपायच्या पिशवीत घातलं, खाली सतरंजीसारखं मॅट टाकलं, कारण दगड अंगातली ऊब ओढून घेतो. स्टोव्हवर पाणी गरम केलं, त्यात गूळ टाकला, आणि तो नीट बोलायला लागल्यावर घोट घोट पाजलं. चोळाचोळ केली नाही. कोरडे कपडे त्याच्या सॅकमध्ये नव्हतेच, भिजले होते, माझे दिले. माझे कोरडे राहिले ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून ठेवले होते म्हणून, शहाणपणा म्हणून नव्हे, त्यात आदल्या दिवशी केळी आणली होती.

तर मेमध्ये तुम्हाला पाणी लागलंच तर ते ऑक्टोबरइतकं गार नसेल, पण बाहेर वाळवंट तापलेलं असतं आणि आतलं पाणी विहिरीच्या तळासारखं असतं, हे विसरू नका. निओप्रीनचे, म्हणजे पाण्यातही ऊब धरणाऱ्या रबराचे, मोजे घ्या. कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि झोपायची पिशवी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. सुती टीशर्ट नको. आपल्या ट्रेकमधला तो लाडका कॉटनचा ग्रुप टीशर्ट फोटोपुरता ठेवा. आणि माहिती केंद्रात पाणी छातीच्या वर आहे असं सांगितलं, तर आधी केलेला करार आठवा.

आता प्यायचं पाणी. वायर पासपासून संगमापर्यंत भरवशाचा झरा नाही. डोहातलं पाणी पिण्याच्या लायकीचं नसतं; त्यात काय काय मेलेलं असतं ते बघितलंत तर विचारणारच नाही. म्हणून प्रत्येकी सहा लिटर घेऊन निघा. चालताना घळ सावलीत असल्याने साडेतीन-चार पुरतात, उरलेलं रात्रीच्या स्वयंपाकाला आणि सकाळच्या चहाला. संगमाला पारियाचं पाणी असतं, पण उन्हाळ्याच्या तोंडाला ते आटलेलंही असू शकतं. शिवाय पारिया येते ब्राइस कॅन्यनच्या बाजूने, वाटेत शेती आणि गुरं. म्हणजे प्यायचं तर गाळून, निर्जंतुक करून, आणि तेही नाइलाजाने.

या पाण्यातला गाळ इतका बारीक असतो की फिल्टर दहा मिनिटांत तुंबतो. पहिल्या खेपेला माझा महागडा फिल्टर असाच बंद पडला. त्यानंतर मी सॅकमध्ये तुरटीचा खडा ठेवतो. घडीच्या बादलीत पाणी भरायचं, खडा दोन-चार वेळा फिरवायचा आणि तासभर हात लावायचा नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी पिंपात फिरवायची, अगदी तस्संच. वरचं नितळ पाणी अलगद काढून मग फिल्टर करायचं. कोलोरॅडो नदीत बोटी नेणारे लोकही गाळ बसवायला तुरटीच वापरतात हे मला फार नंतर कळलं. तोवर मी ते आपल्या घरचं गुपित समजत होतो. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

संगमाच्या अलीकडे दीडेक मैलावर मोठाले धोंडे घळीत अडकून बसले आहेत, तिथे पंधरा-वीस फूट खाली उतरायचं असतं. ही एकच जागा जिथे हात-पाय वापरावे लागतात. दगडात कोरलेल्या खोबण्या आहेत, आणि कधी कधी धोंड्यांच्या खालून सरपटत जायला भोक असतं. कधी कधी म्हणतो, कारण पूर आला की वाळू हलते आणि जागेचं रूप बदलतं. मी दोनदा खालून गेलो, तीनदा वरून. सांधणमध्ये तुम्ही रॅपलिंग केलं असेल तर ही उतरण सोपी वाटेल, पण तिथे बिले द्यायला, म्हणजे दोर धरून तुम्हाला सांभाळायला, कोणीतरी कसलेला माणूस होता, इथे तुम्ही दोघेच. चाळीस-पन्नास फुटांचा दोर घ्या, आधी सॅक सोडा, मग रिकाम्या पाठीने उतरा. तिथे आधीच्या लोकांनी बांधून ठेवलेले दोर लोंबत असतात. ते उन्हा-पाण्यात किती दिवस आहेत हे कोणाला ठाऊक? माझा हात त्यांना लागलेला नाही.

घळीच्या मध्यावर बाहेर पडायला एक वाट आहे, मिडल रूट म्हणतात. कातळावर चढावं लागतं, आणि खालून ती सहज ओळखू येत नाही. वर पोचलात तरी पुढे वाळवंटात दिशा काढत चालायचं. संकटात ती आहे याचा आधार वाटू द्या, पण बेत तिच्यावर बांधू नका.

मुक्काम संगमाच्या अगदी तोंडावर नाही. बकस्किनमध्येच, संगमाच्या थोडं अलीकडे, पात्रापासून उंच मातीचे ओटे आहेत, त्यांच्यावर झाडं वाढलेली आहेत. झाड मोठं झालेलं म्हणजे तिथे पाणी वरचेवर येत नाही. खालची मऊ वाळू कितीही मोह घालो, वर चढा. चूल पेटवायला बंदी आहे, छोटा गॅस स्टोव्ह चालतो. जेवणाला मी दशम्या नेतो, दुधात भिजवलेल्या कणकेच्या. त्या तीन दिवस टिकतात आणि पाणी लागत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची. ती उघडली की शेजारच्या ओट्यावरचे अमेरिकन लोक हमखास वळून बघतात.

अजून एक गोष्ट, नाजूक आहे पण टाळता येत नाही. इथे शौचाचंही पिशवीत भरून बाहेर आणावं लागतं, तशी पिशवी सोबत असणं सक्तीचं आहे. तुमचा मित्र ऐकून तोंड वाकडं करील. त्याला सांगा की घळीत पुरायला माती नाही, आणि जे पुराल ते पुढच्या पुरात खालच्या माणसाच्या गळ्यात पडेल. एकदा सवय झाली की काही वाटत नाही. वास न येणारी दुहेरी पिशवी मिळते, ती सॅकच्या बाहेरच्या बाजूला बांधा. दशम्यांच्या कप्प्यात नको.

रविवारची चाल सोपी आहे. पारियाचं पात्र हळूहळू रुंद होतं, भिंती खुज्या होत जातात, आणि शेवटी डोक्यावर पूर्ण आकाश येतं. ऊन लागलंच तर इथे लागेल. म्हणून सहाला निघा. पात्रात कुठे कुठे लदलदीत वाळू असते, पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत जातो. सिनेमात दाखवतात तसा माणूस गडप होत नाही. थांबू नका, चालत राहा. अडकलातच तर धसमुसळेपणाने ओढू नका, मागे रेला, पाय गोल फिरवत सावकाश सोडवा. मी काठी पुढे टोचत चालतो. आणि उन्हाला आलेल्या दगडावर हात ठेवण्याआधी बघा. खडखड्या साप सकाळी तिथे शेकत पडलेले असतात. ते सहसा वाजवून सांगतात. सहसा.

गाड्यांची व्यवस्था आधी लावा. वायर पास आणि व्हाइट हाउस यांच्यात रस्त्याने पंधराएक मैल अंतर आहे. दोन गाड्या नेल्यात तर एक शुक्रवारी रात्रीच व्हाइट हाउसला लावून ठेवा. एकच गाडी असेल तर पैसे देऊन सोडणारे लोक कानाबमध्ये आणि पेजमध्ये मिळतात. वायर पासचा रस्ता, हाउस रॉक व्हॅली रोड, हायवे ८९ वर २५ आणि २६ या मैलांच्या दगडांमध्ये दक्षिणेला फुटतो. आठ मैल मातीचा. कोरडा असताना साधी सेडानही जाते. ओला झाला की ती माती अशी चिकणी होते की चारही चाकं चालणारी गाडीसुद्धा तिरपी होते. पार्किंगला सकाळी गर्दी दिसली तर घाबरू नका, त्यातले बरेच जण वेव्ह नावाच्या लाटांसारख्या कातळाला जाणारे असतात, सोडतीत नंबर लागलेले भाग्यवान. वेळ असेल तर त्याच रस्त्याने दक्षिणेला पुढे जा: १९९६ पासून तिथल्या व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यावरून कॉन्डर गिधाडं मोकळी सोडतात, दुर्बीण असेल तर दिसतात.

माझी परतीची गोष्ट राहिली. तीन वर्षांपूर्वीचा मे, अगदी तुमच्यासारखाच बेत, तोच कोल्हापूरचा मित्र. तो खास बकस्किनचा हिशोब चुकता करायला आला होता. शनिवारी सकाळी माहिती केंद्रात कळलं की दुपारी उत्तरेला वादळी सरींची शक्यता आहे, थोडी. वायर पासच्या पार्किंगला उभे राहिलो तर आकाशात एक ढग नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, 'परत.' कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही वायर पासमधून बकस्किनच्या तोंडापर्यंतही गेलो नाही. कानाबला जाऊन बर्गर खाल्ला आणि दुपारभर मोटेलच्या पायऱ्यांवर बसून उत्तरेकडे बघत राहिलो. पाऊस पडला नाही. एक थेंबही नाही. संध्याकाळी तो म्हणाला, 'च्यायला, पडायला तरी पाहिजे होता.' अजूनही फोन झाला की विचारतो, पाऊस पडला का रे. त्या दिवशी घळीतून गेलेले दोघे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर भेटले. फार सुंदर झाला म्हणाले त्यांचा ट्रेक.

शेवटचं, घड्याळाचं. फिनिक्समध्ये घड्याळ वर्षभर एकच असतं. युटात उन्हाळ्यात ते एक तास पुढे. वाटेत फ्लॅगस्टाफनंतर नवाहो नेशन या नवाहो आदिवासींच्या प्रदेशातून जाल, तिथेही एक तास पुढे; पेजला आलात की पुन्हा मागे; सीमा ओलांडली की पुन्हा पुढे. फोन आपला आपण उड्या मारत राहतो. घळीत नेटवर्क नाही, आणि उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र नेलंत तरी एवढ्याशा आकाशात त्याला उपग्रह सापडेलच असं नाही. म्हणून घरी कोणाला तरी कागदावर लिहून द्या: कुठून शिरणार, कुठून निघणार, गाड्यांचे नंबर, केन काउंटीच्या शेरीफचा (तिथल्या पोलीसप्रमुखाचा) फोन, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तो लावायचा. त्या वेळेपुढे 'युटाचे' की 'अ‍ॅरिझोनाचे' हे ठळक लिहा. मी एकदा नुसतं 'दुपारी चार' लिहिलं होतं. मी युटाचे चार धरून पावणेचारला निवांत बाहेर पडलो आणि आधी एक कॉफी घेतली. बायकोने फिनिक्सचे चार धरले असते तर काहीच बिघडलं नसतं; पण तिने काळजीपोटी तो एक तास दोनदा वजा केला, फिनिक्सचे दोन झाले तेव्हाच युटात चार वाजले असं धरलं, आणि मी फोन लावला तेव्हा ती शेरीफच्या ऑफिसात कोणाला तरी माझ्या शर्टाचा रंग सांगत होती.